पाचही कडू

थर्मामीटर तीनदा बारीक वाजला आणि पहाटेची शांतता मोडली. त्याआधी मी आणि नवरा श्वास धरून बसलो होतो, जणू आकडा आमच्या श्वासावरच ठरणार होता.

"किती आले?" मुंगीने डोळे न उघडताच विचारलं. मुंगी म्हणजे आमची लेक. साडेचार वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे पोचलेली असते, म्हणून हे नाव.

"एकशे एक."

"शंभरपेक्षा जास्त?"

"हो गं राणी."

"मग मी पास."

नवऱ्याचा एक मोजा पायात होता, दुसरा हातात. तापलेल्या लेकराच्या उशाशी आईबाप एकमेकांकडे बघतात तसं आम्ही बघितलं, म्हणजे तोंडाने काही न बोलता बरंच काही बोललो. मग तो म्हणाला, "आमच्याकडे दोघं आधीच रजेवर आहेत."

"माझा रिपोर्ट यायचाय आज."

"रिपोर्ट मेलवर येतो ना?"

नवरा कमी बोलतो, पण नेमकं तेवढंच बोलतो जेवढ्याला उत्तर नसतं.

"जा तू," मी म्हणाले. "रोपं काय, कुठे पळून जाणार आहेत?"

हे वाक्य मला चांगलंच महागात पडायचं होतं.

मी काकडीतला कडूपणा काढते. हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझ्या सासूबाई तर फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, देठाकडचं टोक कापून जरा घासलं की जातो तो. त्यासाठी एवढी शिकलीस?" त्यांना मी समजावलं होतं की मी तो एका काकडीतून नाही, काकडीच्या जातीतूनच काढते. तर म्हणाल्या, "मग घासायला काय उरलं?"

काकडीच्या प्रत्येक पेशीत कडू रस कसा करायचा याची एक सूचना असते. एक प्रत आईकडून आलेली, एक बापाकडून. आम्ही रोपात एक बारीकशी कात्री सोडतो. खरी कात्री नाही, पेशीतली, डोळ्यांना न दिसणारी. ती बरोब्बर त्या सूचनेवर जाऊन कापते. मग सूचना वाचता येत नाही आणि कडू होत नाही. इथवर सोपं. खरी गंमत पुढे आहे. काम झालं की कात्रीने निघून जायला हवं, आणि कात्री कसली जाते. चिवट पाहुण्यासारखी तिथेच बसून राहते. तिला घालवायचा रस्ता एकच, पुढच्या पिढीचं बी पेरायचं. त्यातल्या काही रोपांना वारशात कात्री मिळतच नाही. त्यातूनही ज्याच्या दोन्ही प्रती कापलेल्या आहेत ते रोप आपलं. हिशेबाने सोळांत एक.

आमच्या आई-रोपाचं बी होतं बहात्तर. आई-रोप केव्हाच वाळून गेलं होतं, म्हणजे पुन्हा बी मिळायची सोय नव्हती. आणि महिनाअखेर ग्रीनहाऊस गव्हावर काम करणाऱ्यांना द्यायचं ठरलं होतं, पुरं वर्षभर. ते गव्हवाले आत्तापासूनच दारात येऊन टेप धरून मापं घ्यायचे. थोडक्यात, या बहात्तरांत चारपाच रोपं मिळाली तर माझं अडीच वर्षांचं काम मार्गी लागणार होतं, नाही मिळाली तर काकडीचं प्रकरण फायलीत जाऊन बसणार होतं आणि मी नव्या विषयासाठी मोठ्या मॅडमच्या, म्हणजे आमच्या प्रमुखांच्या, दारात.

बहात्तर रोपं एका ट्रेमध्ये होती. सहाची एक ओळ, अशा बारा ओळी. सोमवारी दुपारी मी प्रत्येक रोपाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा काढला, एक ते बहात्तर नंबरच्या नळ्यांत भरला आणि तपासायला पाठवला. मोजायची माझी पद्धत ठरलेली. दाराकडच्या डाव्या कोपऱ्यातलं रोप एक नंबर, तिथून पुढे. याआधी तीन वेळा मी असंच केलं होतं. सोमवारी पानं काढायची, बुधवारी रिपोर्ट हातात घेऊन रोपं निवडायची. तिन्ही वेळा सगळं बिनबोभाट जमलं होतं.

या बुधवारी मात्र मी मुंगीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होते. रिपोर्ट दुपारी आला. पाच रोपं. मी एका हाताने फोन धरून दोनदा मोजलं, मग मुंगीच्या कानात सांगितलं, "पाच मिळाली."

"चॉकलेटं?"

"रोपं."

तिने कूस बदलली.

गुरुवारी ताप उतरला. मुंगीला शेजारच्या आजींकडे सोडून मी ग्रीनहाऊस गाठलं, ती पाच रोपं कुंड्यांत हलवली आणि उरलेली सदुसष्ट मुळासकट उपटून पिवळ्या पिशवीत भरली. नियमच आहे तसा. नको असलेलं रोप असं बाहेर फेकता येत नाही, वाफेच्या मशीनमध्ये घालून मारावं लागतं. पिशवीला गाठ मारताना मी चक्क गुणगुणत होते.

शुक्रवारी सकाळी पोचले तर काका बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसून होते. काका म्हणजे आमचे माळी. ग्रीनहाऊस त्यांचं, आम्ही सगळे भाडेकरू, अशी एकूण परिस्थिती. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आणि गेली दहा वर्षं ते दीडच वर्ष राहिलंय म्हणतात. सकाळी काका बसलेले मी कधी बघितले नव्हते.

"ताई, एक बोलायचं होतं. रागावणार नसाल तर."

"आधी बोला, मग ठरवते."

"तुमची ती पाच रोपं." त्यांनी जमिनीकडे बघितलं. "कडू आहेत."

मला आधी समजेचना. "कडू आहेत म्हणजे? तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी जिभेचं टोक एवढंसं बाहेर काढून दाखवलं आणि लगेच आत घेतलं, शाळेत चोरून चिंच खाणाऱ्या पोरासारखं.

त्यांच्या डोक्यावरच पाटी होती. आत काहीही खाऊ-पिऊ नये. त्या पाटीच्या धाकाने मी चार तास तिथे काम करून पाण्याचा घोटही घेत नाही.

"काका, अहो, हे काय केलंत?"

"सवय हो. मशिनं नव्हती तेव्हा आम्ही असंच निवडायचो. पहिल्या जाड पानाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा, लगेच थुंकायचं. कडू असेल तर कळतंच. आज म्हटलं, ताईंनी एवढी अडीच वर्षं घातली, आपण एकदा बिनकडू पान बघू तरी कसं लागतं. पहिलं कडू लागलं. म्हटलं, आपली जीभ म्हातारी झाली. तोंड धुऊन दुसरं घेतलं. तेही कडू. पाचही कडू."

"मशीन खोटं बोलत नाही, काका."

"मी कुठे म्हणतो बोलतं म्हणून? तुम्हीच बघा ना चाखून."

"मी नाही चाखणार."

पुढच्या दोन मिनिटांत मी चाखलं. पान जिभेवर ठेवलं, पहिल्यांदा नुसता गवताचा वास आला, मला हसू फुटणार एवढ्यात तो कडूपणा मागून आला आणि कानशिलांपर्यंत चढला. मी बेसिनकडे धावले. काका मागून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "कडू कारलं तुपात तळा, साखरेत घोळा..."

"काका, आत्ता म्हणी नकोत."

एखादं रोप कडू निघालं असतं तर म्हटलं असतं, झाली असेल तपासात चूक. पण पाचही? पाच चुका एकदम होत नाहीत. एकच चूक पाचदा होते. हे कळायला फार शिकावं लागत नाही, पण ती एक चूक कुठली ते कळेना. नळ्यांवरचे नंबर माझ्याच अक्षरात होते. रिपोर्ट दोनदा वाचला. मी रिकाम्या ट्रेपाशी उभी राहून दाराकडच्या कोपऱ्यापासून बोटाने कप्पे मोजायला लागले. अकरा, बारा, तेरा. काका शेजारी काहीतरी बोलत होते, भोपळ्याच्या रोपांना पाणी जास्त होतंय की काय असलं काही. बोलता बोलता त्यांनी भोपळ्याचा अख्खा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, अर्धा फिरवला आणि खाली ठेवला. मग पुढचा उचलला.

माझं बोट तेराव्या कप्प्यावर थांबलं.

"काका, हे काय करताय?"

"फिरवतोय. एका अंगाला भिंत आहे ना आपल्या, उजेड एकाच बाजूने येतो. नाही फिरवलं तर सगळी तिकडेच माना वळवतात."

"रोज फिरवता?"

"रोज सकाळी सातला. आज राहिलं, तुमची वाट बघत बसलो होतो म्हणून."

"माझा ट्रेही?"

"मग काय तुमच्या रोपांना मान नसते?"

मी येते नवाच्या पुढे, मुंगीला पाळणाघरात सोडून. सातला इथे काय होतं ते मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात दिवस मोजले. सोमवारी दुपारी पानं काढली. मंगळवारी अर्धा फेरा, बुधवारी अर्धा फेरा, ट्रे जिथल्या तिथे. दर वेळी मी बुधवारी येऊन निवडत होते आणि दर वेळी बरोबर येत होतं ते माझ्या हुशारीने नव्हे. या वेळी आले गुरुवारी. तिसरा अर्धा फेरा. दाराकडचा डावा कोपरा भिंतीकडे गेला होता आणि एक नंबरच्या जागी बहात्तर नंबरचं रोप माझ्याकडे सरळ मानेने बघत होतं.

आणि ट्रेला लेबल नव्हतं असंही नाही. लेबल होतं, दोन्ही टोकांना, सारखंच. कुठूनही वाचता यावं म्हणून मीच लावलं होतं.

म्हणजे मी निवडलेली पाच होती भलतीच. आणि हवी ती पाच होती...

"काका, पिवळी पिशवी." मी ट्रे सोडून वळले. "आज शुक्रवार. मशीन लावलंत?"

शुक्रवारी सकाळी आठला काका वाफेचं मशीन लावतात. त्यात पाऊण तास गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही.

"पिशवी आत ठेवलीय," ते म्हणाले. "झाकणही लावलं. मग बटणाला हात जाईना. म्हटलं, ताई येऊ देत, आधी तोंड उघडू, मग काय ते."

मी मशीनपर्यंत कशी गेले ते आठवत नाही. झाकण जड आहे, एरवी मला दोन हातांनी उघडत नाही. पिशवीची गाठ मात्र सुटेना, काल गुणगुणत मारली होती ना. शेवटी काकांनी कात्री आणून दिली, लोखंडाची, साधी.

आत सदुसष्ट रोपं एकमेकांत गुंतून पडली होती. ओली, कोमेजलेली, काहींच्या माना मोडलेल्या. नशिबाने मुळांभोवतीचा नारळाचा भुसा अजून ओलसर होता. पण कुठलं रोप कुठल्या कप्प्यातलं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"चाखू?" काका हळूच म्हणाले.

"सदुसष्ट?"

"पाचव्यानंतर जीभ बहिरी होते म्हणा."

"नाही. सगळी लावायची. परत तपासायची. आणि एकेकाला स्वतंत्र नंबर."

आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते केलं. काका खड्डा करायचे, मी रोप ठेवायचे, पानाचा तुकडा काढून नळीत टाकायचे आणि प्रत्येकाच्या कुशीत नंबर लिहिलेली काडी खोचायचे. कोमेजलेल्या पानातूनही तपास होतो, तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूने होती. वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं, आत पाण्याचा फवारा मारला. ट्रेच्या एका, आणि एकाच, टोकाला मी तांबड्या रंगाने जाड रेघ ओढली. काका म्हणाले, "आता आंधळाही चुकायचा नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं, फिरवू का म्हणून." मी म्हणाले, "तीन वर्षं मी विचारलं नाही, सकाळी सातला काय करता म्हणून." फिट्टंफाट.

मोठ्या मॅडमना सांगणं भाग होतं. त्या कागदातून डोकं वर न काढता सगळं ऐकतात आणि माणसाला वाटतं ऐकतच नाहीत.

"लेबल दोन्ही टोकांना कशाला लावलंस?"

"वाचायला सोपं जावं म्हणून."

"वाचलंस मग." त्यांनी पान उलटलं. "पण चूक लक्षात कशी आली?"

मी त्यांच्या टेबलावरचं पेन सरळ केलं. काकांचं नाव घ्यायचं नव्हतं आणि खोटं तोंडातून निघेना.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जा, गूळ-साखर काहीतरी खा. तुझं तोंड अजून कडू दिसतंय." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "मी इथे शिकाऊ होते तेव्हा मलाही त्यांनीच चाखायला लावलं होतं. त्यांना विचार, पाटी वाचता येते ना अजून."

शनिवार आणि रविवार कसे गेले विचारू नका. मुंगीला अंघोळ घालताना मी तिच्या डोक्यावर तीनदा शाम्पू लावला. नवरा म्हणाला, "तुझी रोपं जगतील गं." मी म्हणाले, "तुला काय माहीत?" तो म्हणाला, "काही नाही. पण म्हणायला काय जातं?" आणि माझ्या वाटची भांडीही त्यानेच घासली.

सोमवारी काकांनी प्लास्टिक उचललं तेव्हा निम्मी रोपं आडवी झालेली होती. रिपोर्ट मंगळवारी आला. या वेळीही पाच नंबर. मी वाचायचे, काका शोधायचे.

"अकरा."

"गेलं."

"सव्वीस."

"गेलं. काडी उरलीय."

"तीस."

"ताई, तीसही नाही."

चौथा नंबर मी पटकन वाचला, फोड आलेल्या जागेवरची पट्टी ओढतात तसा. "अठ्ठेचाळीस."

मी रिपोर्ट खाली ठेवला. काका वाकून बघत होते, मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी रोपाशेजारी खोवली आणि दोऱ्याने रोपाची मान तिला टेकवली.

"आहे," ते म्हणाले. "मान वाकडी आहे, पण आहे."

पाचवं, सत्तावन्न, तेही गेलेलं होतं. पण काकडीचं तसं बरं असतं. एक रोप पुरतं. एकाच वेलावर नर फुलंही येतात, मादी फुलंही येतात, ब्रशने परागकण इकडचे तिकडे लावले की एका काकडीत दीडशे-दोनशे बिया. फक्त त्या एकाने जगायला हवं होतं.

मॅडमनी गव्हवाल्यांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, बाकी सगळं रिकामं करा, एक कुंडी कोपऱ्यात राहू दे, आमच्या गव्हाला ती काय चावणार आहे. त्यांच्यातल्या एकाने तर कुंडीवर कागदच चिकटवला, 'भाडेकरू जुना आहे, हलवू नये.'

पुढच्या शनिवारी पाळणाघर बंद होतं आणि नवऱ्याची शिफ्ट, म्हणून मुंगीला बरोबर नेलं. मुलांना आत सोडत नाहीत. ती बाहेरच्या खोलीत उलट्या क्रेटवर चढून काचेला नाक लावून उभी राहिली. काकांनी तिला रिकामा ट्रे खेळायला दिला होता, तो तिने चारदा फिरवून बघितला आणि "यात काहीच होत नाही" म्हणून परत केला.

काकांनी आतून कुंडी उचलून काचेपाशी आणली. अठ्ठेचाळीस नंबरला एक नवीन पान आलं होतं, पोपटी, खडबडीत, कडेने कातरल्यासारखं. आणि पानाच्या काखेतून एक धाग्याएवढा तंतू निघाला होता आणि त्याने काडेपेटीच्या काडीला दीड वेढा घातला होता.

"हीच ती?"

"हीच."

"हिची मान वाकडी का आहे?"

"पिशवीत दबली होती."

"कुणी टाकली पिशवीत?"

काका काचेपलीकडे होते, त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी मी आवाज खाली घेतला. "मी. चुकून. मला वाटलं, आपली ही नव्हेच."

मुंगीने यावर विचार केला. काचेवर तिच्या श्वासाचा गोल धुरकट डाग पडला होता, तो तिने बाहीने पुसला.

"मग?"

"मग काकांनी मला सांगितलं. मग मी पळत गेले आणि काढली."

"किती वेळ होती ती आत?"

"एक दिवस. आणि एक रात्र."

"अंधार होता?"

"हो. गाठ मारलेली होती ना."

पलीकडे काकांचे हात भरून आले असावेत, त्यांनी कुंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पण खाली ठेवली नाही. मग मुंगीने काचेवरून नाक न हलवता मला विचारलं, "आत असताना तिला माहीत होतं का, तू परत येणार आहेस ते?"